महाराजांचे पुढचे दोन दात : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, नांदेड

कार्तिकी उरकून महाराज आज क्लिनिकला आले. वय चौतीस, गाव किनवट तालुक्यातलं, घरची कोरडवाहू शेती आणि वर्षभर कीर्तनं. त्यांना विचारूनच या नोंदी ठेवते आहे. नाव इथं येणार नाही. तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली, "माउली, अभंग रंगात आला की दात खाली येतो."

दात म्हणजे प्लेटवरचा काढता-घालता दात. काही वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरली आणि वरच्या डाव्या बाजूचा दुसरा दात, आमच्या आकड्यांत २२, जागेवरच निखळला. त्याच्या शेजारचा मोठा दात म्हणजे २१. तो तेव्हा रूट कॅनाल करून, मुळात पोस्ट (आधाराची कांडी) घालून आणि वर कॅप बसवून वाचवलेला. आता तोही हलतो. हिरडीभोवती प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) फिरवला तर सगळीकडे २-३ मि.मी., आणि पुढच्या बाजूला एकाच जागी सरळ ९ मि.मी. आत. एवढा अरुंद आणि एवढा खोल खड्डा बहुतेक वेळा मूळ उभं चिरल्याची खूण असते. दात वाचणार नाही, हे आजच सांगून टाकलं. अशा गोष्टी पुढच्या भेटीवर ढकलण्यात अर्थ नसतो.

बाकी तोंड स्वच्छ. तंबाखू नाही, गुटखा नाही. खिशात आवाजासाठी लवंग आणि खडीसाखर. साखरेची तपासणी, HbA1c, लॅबवाले ज्याला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती, लिहून दिली.

दोन गोष्टी मात्र कागदावर लाल पेनाने. एक, हिरडी पातळ आहे. आत घातलेला प्रोब बाहेरून दिसतो. दोन, फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडने दातांवर आलेले डाग. लहानपणापासून बोअरचं पाणी. सगळ्या दातांवर आडवे खडूसारखे पट्टे, आणि शेजारच्या ११ वर, म्हणजे उजव्या मोठ्या दातावर, मधोमध चहाच्या रंगाचा डाग. या सगळ्यात २१ ची जुनी कॅप एकरंगी, गुळगुळीत, पिवळट पांढरी. कॅप म्हणून ती वाईट नाही. पण ती कोणाच्याही तोंडात बसेल अशी आहे, त्यामुळे महाराजांच्या तोंडात ती चार हातांवरूनही ओळखू येते.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती, म्हणून आज. फोटो, तोंडाचं स्कॅनिंग, वरच्या-खालच्या जबड्याची मापं.

खुर्चीत बसवून "हसा महाराज" म्हटलं की ते ओठ मिटून हसतात. प्लेट सांभाळायची सवय लागलेली. अशा हसण्यावर पुढच्या दातांचं नियोजन करायचं नसतं. म्हणून त्यांच्या पुतण्याकडून सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाचा व्हिडिओ मागवला आणि रात्री घरी थांबवत थांबवत पाहिला. सुरुवातीला ओठ बेताने हलतात. पुढे बोबड्या पेंद्याची नक्कल करून ते स्वतःच खळाळून हसले, आणि त्या फ्रेममध्ये वरचा ओठ असा वर गेला की ११ च्या वर हिरडीची जवळजवळ ३ मि.मी. पट्टी दिसली.

म्हणजे हसण्याची रेषा उंच. ओठ खाली राहणाऱ्या माणसाची हिरडी मिलीमीटरभर वर सरकली तरी कोणाला कळत नाही. इथे मंडपातल्या पहिल्या दोन रांगांना कळेल. पातळ हिरडी आणि उंच रेषा एकत्र आल्या की इम्प्लांटमधली, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याच्या कामातली, सगळ्यात अवघड केस तयार होते. दात कसाही सुंदर घडवता येतो. हिरडी घडवायला फार थोडी संधी मिळते.

२५ नोव्हेंबर

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, आला. उभे छेद एकेक करून पाहिले.

२१ चं मूळ हाडाच्या पुढच्या भिंतीला टेकलेलं. बहुतेकांचं असंच असतं. वरच्या पुढच्या दातांसमोरचं हाड बहुतेकदा १ मि.मी. पेक्षाही पातळ असतं आणि त्याचं पोषण बरंचसं दाताच्या अस्तरातून होतं. दात काढला की ते विरघळायला लागतं. महाराजांच्या बाबतीत चिरेसमोरची भिंत आत्ताच खाल्लेली दिसते, वरून साधारण निम्म्यापर्यंत. टाळूच्या बाजूला आणि मुळाच्या टोकापलीकडे हाड भरपूर. मधली नाकाकडे जाणारी नळी रुंद नाही, आड येणार नाही.

२२ च्या जागी हाड आत दबलेलं. रुंदी कड्यावर ४ मि.मी. देखील भरत नाही.

भूल देऊन हिरडीतून हाडापर्यंतचं अंतर मोजलं. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडाच्या कड्यापर्यंत किती, हा आकडा मला हवा असतो. टार्नो आणि सहकाऱ्यांचं १९९२ चं निरीक्षण आम्हा सगळ्यांना पाठ आहे: हे अंतर ५ मि.मी. किंवा कमी असेल तर दातांमधला हिरडीचा त्रिकोण जवळजवळ नेहमी भरलेला असतो, ६ ला निम्म्याहून थोडा जास्त वेळा, ७ ला जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढ्या वेळा. ११ च्या बाजूला ४.५ आलं. उत्तम. सुळ्याच्या बाजूला ६. तिथे काळी फट राहू शकते, आणि ते महाराजांना आधी सांगायचं, नंतर नाही. आधी सांगितलेली ती अडचण असते, नंतर सांगितलेली सबब.

२८ नोव्हेंबर

आजची बैठक लांबली. महाराज, त्यांच्या घरच्या वहिनी आणि मोठे बंधू असे तिघे. बंधूंचा पहिलाच प्रश्न, "दात दोन गेले, मग स्क्रू एकच का? पैसे वाचवायलालाव का?"

नाही. दोन इम्प्लांट शेजारी शेजारी घातले की त्यांच्यामधलं हाड खाली बसतं. दोघांमध्ये किमान ३ मि.मी. अंतर तरी लागतं, आणि मधला दात व बाजूचा दात या जोडीत तेवढी जागा नसते, कारण बाजूचा दात मुळातच अरुंद. वर हिरडीचा त्रिकोण दोन इम्प्लांटमध्ये सरासरी साडेतीन मि.मी. पर्यंतच उभा राहतो. खऱ्या दातांमध्ये तो याहून उंच असतो. म्हणून इम्प्लांट फक्त २१ ला. २२ त्यालाच जोडून, खाली स्क्रू नसलेला. खालची हिरडी जाड करून घेतली की तो दात हिरडीतूनच उगवल्यासारखा दिसतो. छज्ज्यासारखा एका बाजूने धरलेला म्हणून चावण्याचा भार त्याच्यावर येता कामा नये. ही अट.

दुसरा पर्याय, इम्प्लांटच नको, ११ आणि सुळा घासून चार दातांचा ब्रिज. खरं सांगायचं तर रंग जुळवायला हा सोपा मार्ग आहे. दोन्ही मधले दात एकाच भट्टीतून आले की तुलना करायला खरा दात उरतच नाही. एकटा मधला दात जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम, हे कोणीही टेक्निशियन सांगेल. पण आपली सोय व्हावी म्हणून न किडलेला, न हललेला ११ घासायचा? महाराजांसमोर हा पर्याय ठेवला, माझं मतही सांगितलं. ते म्हणाले, "चांगल्याला हात कशाला लावायचा."

मग 'एका दिवसात दात'. रस्त्यावरचे फलक सगळ्यांनी वाचलेले असतात. दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट घालता येतो, मी घालतेही. पुढची भिंत शाबूत हवी, हिरडी जाड हवी, पू नको. इथे तिन्ही अटी बसत नाहीत. त्यामुळे आधी दात काढायचा, सहा ते आठ आठवडे हिरडी भरून येऊ द्यायची, मग इम्प्लांट घालून पुढून हाड भरायचं. एवढे आठवडे थांबल्याने जखमेवर अखंड हिरडी मिळते आणि भरलेलं हाड झाकायला ती लागते.

हाड भरायचं म्हटल्यावर महाराजांनी माळेवर हात ठेवून विचारलं, "हाड कशाचं?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तरी मला सांगावंच लागलं असतं. जगभर खूप वापरलं जाणारं दाणेदार हाड गायी-बैलांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेलं असतं. वर झाकायचा पडदा बहुतेकदा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि खुर्चीतल्या माणसाला ते कोणी वाचून दाखवत नाही. माळकरी माणसाच्या तोंडात हे न सांगता घालणं मला पटत नाही. ते शांतपणे म्हणाले, "ते नको."

मग काय राहतं? त्यांचंच हाड, शस्त्रक्रियेच्या जागेजवळून खरवडून घेतलेलं. त्यात कृत्रिम दाणे, हायड्रॉक्सीॲपाटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे. पडदा पॉलिलॅक्टिक आम्लाचा, कारखान्यात बनलेला, आणि त्यावर त्यांच्याच रक्तातून काढलेला फायब्रिनचा थर. तोटा स्पष्ट सांगितला: गुरांच्या हाडाचे दाणे वर्षानुवर्षं जागा धरून ठेवतात, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं. म्हणून थोडं जास्त भरू, आणि नंतर टाळूची हिरडी पुढे लावून जाडी वाढवू. जाडी कुठूनही आली तरी नजरेला सारखीच.

शेवटी रंग. बंधूंना सगळेच दात पांढरेशुभ्र करून हवे होते. ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी रंग घ्यायचा. नंतर केलं तर नैसर्गिक दात उजळतील आणि आपला सिरॅमिक तसाच राहील. तपकिरी डाग घासून फिका करता येतो. महाराजांनी विचार केला आणि म्हणाले, "गावात समद्यांचे असेच हायेत. माझेच पांढरे झाले तर कीर्तनापेक्षा दाताकडं बघतील लोक." ठरलं. डागांसकट.

४ डिसेंबर

साखर नॉर्मल.

छत्रपती संभाजीनगरच्या टेक्निशियन दादांनी स्कॅनवर डिजिटल मेणकाम, म्हणजे नव्या दातांचा संगणकावरचा नमुना, करून पाठवलं. २१ सुरेख: रुंदी ८.५, लांबी १०.५ मि.मी., ११ ची आरशातली प्रतिमा. हिरडीच्या कमानीचा सर्वांत उंच बिंदू दाताच्या मध्यापासून किंचित सुळ्याकडे. २२ मात्र शाळेच्या फोटोतल्या मुलासारखा सरळ उभा केलेला. उजवीकडचा १२ जरा वळलेला आहे, त्याची आतली कड पुढे येते, आणि टोकाला झीज आहे. तेवढंच वळण आणि तेवढीच झीज २२ ला हवी. दादांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पेशंट म्हणेल वाकडा दात दिला." म्हटलं, "पेशंटला मी सांभाळते, तुम्ही वाकडा द्या."

दुपारी सुधारलेल्या मेणकामावरून सिलिकॉनचा साचा करून तोंडात तात्पुरतं प्लास्टिक बसवून पाहिलं. हे दाखवायला असतं तसंच बोलून घ्यायलाही. पुस्तकांत इंग्रजी आकडे म्हणवून घ्यायला सांगतात. मी पंचावन्न, सहासष्ट, सदुसष्ट घेते. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर टेकली पाहिजे. 'स' ला खालचे दात वरच्यांच्या जवळ येऊन न आपटता थांबले पाहिजेत. आणि 'चाक', 'चमचा' मधला च, ज्याला जीभ थेट दातांच्या मागे जाते, तो दाताची मागची जाडी पकडतो.

महाराजांना आकडे कशाला? त्यांनी सरळ हरिपाठ सुरू केला. वेटिंगमधल्या एका आजींनी बाहेरून टाळ्यांवर ठेका धरला. 'व' स्वच्छ. 'च' ला किंचित हवा अडकली. २२ मागून जाड होता. घासायचा बर हलका फिरवून अर्धा मि.मी. कमी केला, च सुटला. तोंडातलं ते प्लास्टिक पुन्हा स्कॅन केलं. इम्प्लांट कुठे बसवायचा हे आता या स्कॅनवरून ठरणार, हाड जिथे आहे तिथे नाही.

६ डिसेंबर

संध्याकाळी सॉफ्टवेअरवर सीबीसीटी आणि आजवरचे स्कॅन एकावर एक जुळवले. ठरलेल्या दाताच्या मागून स्क्रू उलटा आत नेत जायचं, असं हे काम.

- खोली: ठरलेल्या हिरडीच्या कडेपासून ३.५ मि.मी. आत. यापेक्षा वर राहिला तर दात हिरडीतून वर येताना एकदम फुगवावा लागतो. फार खोल गेला तर हाड मागे सरकतं.
- पुढे-मागे: टाळूकडे टेकून. इम्प्लांटच्या पुढे किमान २ मि.मी. हाड हवं, तेवढं आज नाही, भरून करायचं. स्क्रूचं भोक दाताच्या मागच्या उंचवट्यातून निघालं पाहिजे.
- ११ च्या मुळापासून किमान १.५ मि.मी. २ ठेवलं.
- व्यास ४ च्या आसपास, लांबी १२. पुढच्या दाताला जाड इम्प्लांट घालण्याचा मोह वाईट; जाडी वाढली की पुढचं हाड तेवढं कमी.

या जागेवर मार्गदर्शक साचा थ्रीडी प्रिंट करायला दिला.

७ डिसेंबर

२१ काढला. हिरडी न कापता, मुळाभोवतीचे तंतू हळूहळू सोडवत. मूळ बाहेर आल्यावर उभी चीर नुसत्या डोळ्यांनी दिसली, वरपासून टोकाच्या जवळपर्यंत. महाराजांनी ते कागदात गुंडाळून मागून घेतलं.

तात्पुरते दोन दात चिकटवून दिले, ११ आणि सुळ्याच्या मागे फायबरची पट्टी घालून. प्लेट नको होती. ती भरत्या हिरडीवर दाबते. फ्लोरोसिसच्या दातांवर चिकटवण्याचं काम बेभरवशाचं. अशा इनॅमलला आम्ल नीट चावत नाही, म्हणून वरचा थर किंचित खरवडून, आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं.

३० डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. माझी असिस्टंट अहमदपूरकडची, ती रानात आंबिल प्यायला गेली, त्यामुळे सक्शनही मीच धरला. महाराजांचा तात्पुरता ब्रिज सुळ्याच्या बाजूने सुटला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "ऊस. कांडकं नाही, नुसतं सोललं." नुसतं सोललं म्हणजे पुढच्या डाव्या दातांनी.

पुन्हा चिकटवला, आणि चावण्याच्या खुणा कागदावर घेतल्या. खालचा सुळा सरकताना २२ च्या मागून जातो. पक्क्या दाताच्या वेळी ही वाट मोकळी ठेवायची. डावीकडे सरकताना भार फक्त खऱ्या सुळ्याने घ्यायचा. आराखड्यात भर घातली. ऊस, हुरड्याची कणसं, बोरं, हे कायमचं बाजूच्या दातांनी किंवा सुरीने, हे वहिनींना सांगितलं. महाराजांना सांगून उपयोग दिसत नाही.

२७ जानेवारी २०२५

२५ ला एकादशी होती म्हणून आज घेतलं. उपाशीपोटी भूल आणि औषधं नकोतच.

साचा दातांवर घट्ट बसला. इम्प्लांट आराखड्याप्रमाणे टाळूच्या हाडात बसला, चांगला पकडून. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांच्या हाडावर काम करताना लक्षात आलं आणि माणसाला पहिले इम्प्लांट त्यांनी १९६५ मध्ये बसवले. तेव्हापासून पुढे बरंच बदललं, हाडाला वेळ मात्र आजही द्यावाच लागतो. पुढून स्क्रूचे तीन आटे उघडे होते. नाकाच्या खालच्या काट्याजवळून हाड खरवडून इम्प्लांटला लागून, त्यावर कृत्रिम दाणे, वर पडदा, वर फायब्रिन. हिरडी ताण न देता जुळली.

दोन आठवडे कीर्तन बंद. गाताना वरचा ओठ टाक्यांना ओढतो. माघातला एक सप्ताह त्यांनी गुरुबंधूंना दिला, याचं वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसत होतं.

१० फेब्रुवारी

टाके काढले. सूज नाही. पुढे नोंदण्यासारखं काही नाही. हाड आपल्या गतीने भरेल.

१५ मे

ऊन मी म्हणतंय. इम्प्लांट उघडला. एक्स-रेत हाड कड्यापर्यंत. समोरचा फुगवटा भरला आहे, पण २२ च्या जागी अजून थोडी खोलगट सावली पडते. टाळूतून हिरडीचा तुकडा घेऊन तिथे आत सरकवला. स्क्रूने बसणारा तात्पुरता जोडदात लावला, हिरडीपासून मुद्दाम जरा आखडता.

९ जून

तात्पुरत्या दाताच्या मानेला थोडं थोडं कंपोझिट चढवत हिरडीला आकार देणं चालू आहे. भर घातली की हिरडी पांढरी पडते. दहा मिनिटांत गुलाबी परतली तर ठीक, नाही तर तेवढं उतरवायचं. २१ ची कमान ११ च्या बरोबरीला आली. २२ ची मिलीमीटरभर खाली ठेवली, १२ ची तशीच आहे.

दिंडी निघणार. तात्पुरत्या दातांवर वारी होईल का, असं विचारत होते. होईल. स्क्रू तपासला, मागचं भोक नव्याने बंद केलं, आणि बारीक ब्रश दोन जास्तीचे दिले.

१७ जुलै

गोपाळकाला करून परतले. हिरडी स्थिर आहे. तिचा कमावलेला आकार मापात तसाच उतरावा म्हणून तात्पुरत्या दाताच्या मानेची नक्कल करून माप घेतलं. मापासाठी मिळणारा तयार तुकडा (कोपिंग) लावला तर दात बाहेर काढल्यावर हिरडी मिनिटांत कोसळते आणि महिन्याची मेहनत मापात येतच नाही.

रंगासाठी दादा स्वतः आले. सकाळी, उत्तरेच्या खिडकीत, आणि सगळ्यात आधी. तोंड उघडं राहून दात सुकले की इनॅमल पांढरं दिसतं आणि फ्लोरोसिसचे पट्टे तर दुप्पट उठतात. शेड गाईडच्या १६ पट्ट्यांत मानेला ए-३, मधल्या भागाला ए-२ सापडला. पट्टे कोणत्याच गाईडमध्ये नसतात. दादांनी कागदावर ११ चा मोठा नकाशा काढला: कड्यापासून किती अंतरावर कोणता पट्टा, कुठे विरतो, तपकिरी डागाची कड कुठे धूसर. ध्रुवीकृत फिल्टर लावून फोटो घेतले, म्हणजे चकाकी जाते आणि आतला रंग दिसतो.

इथे आमची थोडी चर्चा झाली. दादा २२ वरही तेच पट्टे त्याच उंचीवर घालणार होते. पण फ्लोरोसिसचा पट्टा म्हणजे दात घडत असताना गेलेला काळ. दोन्ही मधले दात एकाच वेळी घडतात, म्हणून ११ चे पट्टे २१ वर आरशासारखे समोरासमोर हवेत. बाजूचा दात काही महिने उशिरा सुरू होतो. त्याच काळात तो कमी घडलेला असतो, म्हणून तोच पट्टा त्याच्यावर टोकाच्या जास्त जवळ पडतो. १२ वर पाहिलं तर तसाच आहे. दादांनी भिंग लावून पाहिलं, काही बोलले नाहीत, नकाशा खोडून नवा काढला.

झिर्कोनियाचा सांगाडा, वर सिरॅमिकचे थर, मागून स्क्रू. हिरडी २ मि.मी. पेक्षा पातळ असली तर खालून टायटॅनियमची करडी झाक येते. आता जाडी पुरेशी आहे, पण पैज कशाला.

११ ऑगस्ट

बसवले. आधी खिडकीत, मग ट्यूबलाइटखाली, मग बाहेर उन्हात नेऊन पाहिले. चहाचा डाग दादांनी ११ पेक्षा जरा फिका ठेवला आहे, आणि ते बरोबर आहे. तंतोतंत जोड्या निसर्गात नसतात. डावीकडे सरकताना २२ मोकळा. स्क्रू कंपनीने दिलेल्या जोराने आवळला, भोकात टेफ्लॉन आणि वर कंपोझिट. एक्स-रे काढून ठेवला.

सुळा आणि २२ मध्ये हिरडीचा त्रिकोण टोकाला पूर्ण भरलेला नाही. स्पर्शाची जागा हिरडीकडे लांबवून फट बारीक केली आहे. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत ती आणखी भरते असा अनुभव आहे. नोव्हेंबरात सांगितलेलं होतं, महाराजांनी आरशात पाहून मान डोलावली.

बंधूंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "नवे कोणते?"

जाताना वहिनींनी धाकट्या मुलीला पुढे केलं, तीन वर्षांची. हिचेही दात असेच होणार का? मधल्या दातांचं इनॅमल पहिल्या चार-पाच वर्षांत घडतं. डाग पडायचे ते तेव्हाच, मोठेपणी तेच पाणी प्यायल्याने पडत नाहीत. म्हणजे हिचे अजून बनत आहेत. घरी कोणत्या बोअरचं पाणी येतं ते त्यांना नक्की माहीत नाही. पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगितलं. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त निघालं तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं, दोन्ही पाणी बदलायचं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

पुढची तपासणी कार्तिकीनंतर. प्रोब, एक्स-रे, सुळ्याकडच्या फटीचा फोटो. येताना पाण्याचा अहवाल.